एक खुर्ची कमी

सोमवार, ५ तारीख. सकाळी.

आजपासून तीन आठवडे ऑफिसची बिलं मंजूर करायचा अधिकार माझ्याकडे. साहेब गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले आणि जाताना ऑर्डर माझ्या हातात ठेवली. कॅशियरबाई इथे माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत, तरी अधिकार मला. कारण विचारलं तर साहेब म्हणाले, या ऑफिसात सही करायला घाबरणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात. एवढं कौतुक माझं आजवर कुणी केलं नव्हतं.

ऑर्डर तीनदा वाचली. मिळालेला अधिकार परस्पर दुसऱ्याला द्यायचा नाही. नातेवाइकाच्या बिलावर सही करायची नाही. तसं बिल आलंच तर एका ओळीत नातं कळवून ते वरच्या मजल्यावरच्या अधिकाऱ्यांकडे पाठवायचं. साधं आहे.

संकल्प: एकही बिल माझ्या टेबलावर मुक्कामाला राहणार नाही.

मंगळवार, ६.

फिनेल, झेरॉक्सचा कागद, टेलिफोन. प्रत्येक बेरीज दोनदा केली. सह्या छान आल्या. चौथं बिल खुर्च्यांचं. आमचं ऑफिस दाखले देण्याचं, लोक हॉलमध्ये तासन् तास बसून असतात. हॉलमधल्या आणि आमच्या बसायच्या, सगळ्या वेताच्या खुर्च्या गेल्या महिन्यात नव्याने विणून घेतल्या. चाळीस नग.

विणणारा माझा मामा.

इथे हे कुणाला माहीत नाही. मामाचं आडनाव वेगळं. परीक्षा देऊन मी इथे लागले, त्याच्या कितीतरी आधीपासून तो इथलं काम करतो. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? म्हणून लागल्या दिवसापासून गप्प राहिले. खोटं काही बोलले नाही. कुणी विचारलंच नाही.

बिल तूर्त पालथं घालून ठेवलं आहे. फक्त उद्यापर्यंत.

बुधवार, ७. जेवणाची सुट्टी.

नियमांच्या पुस्तकात नातेवाईक म्हणजे कोण ते सापडलं. आईवडील, नवरा, मुलं, भावंडं. मामा नाही! जीव भांड्यात पडला. म्हणजे सही करायला हरकत नाही.

पण मग आठवलं. लहानपणी मी सारखी आजारी. दोन वर्षं शाळेचं तोंड पाहिलं नाही. मामाच्या दुकानात बसून विणीची भोकं मोजत पाढे शिकले. तो मला हिशेबनीस म्हणायचा. हा माणूस माझा नातेवाईक नाही, असं धरून सही करायची? मनाला पटेना.

तर मग कळवावं. पण पुस्तकाप्रमाणे तो नातेवाईक नाहीच, तर कळवायचं काय?

दोन्ही बाजू तोलून निर्णय घेतला: घाई नको. शिवाय मामाचं बिल आधी काढलं तर तो पक्षपात होईल. ते गठ्ठ्याच्या तळाशी ठेवलं.

गुरुवार, ८.

मी बसते ती खुर्चीही मामानेच विणलेली. दिवसभर पाठीला काहीतरी टोचत होतं. पाहिलं तर वीण अगदी गुळगुळीत. शेवटी शिपाईकाकांना सांगितलं, ही कुठेतरी आत ठेवा आणि मला एक लोखंडी स्टूल द्या. ते म्हणाले, मॅडम, स्टुलाने कंबर धरेल. मी म्हटलं, धरू दे. त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. साधेपणाची लोकांना सवय राहिलेली नाही.

शुक्रवार, ९.

संध्याकाळी आईने विषय काढला. नव्या सभागृहाच्या खुर्च्यांचं मोठं काम मामाला मिळायच्या बेतात आहे. वीस तारखेला सभागृहवाले नमुन्याची खुर्ची बघणार आणि त्याच दिवशी काम कुणाला ते ठरवणार. वेत आणायला पैसे हवेत, घाऊक व्यापारी उधार देत नाही. तुमच्या ऑफिसचं बिल निघालं तर बरं, असं मामी म्हणाली. मामा स्वतः चकार शब्द बोलला नाही, हे आईने मुद्दाम दोनदा सांगितलं.

मी म्हटलं, सरकारी कामाला वेळ लागतो.

आई म्हणाली, तू गं कधीपासून सरकार झालीस?

ताट अर्धं टाकून उठले. जेवण जड झालं असावं.

सोमवार, १२.

आज कळवायचंच म्हणून कागद घेतला. एकच ओळ लिहायची होती. पण नुसतं 'हे माझे मामा आहेत' लिहिलं तर गैरसमज होईल, म्हणून पार्श्वभूमी दिली. मग माझं आजारपण आलं. पाढे आले. मामा एकदा मला पाठुंगळीला घेऊन डॉक्टरकडे धावला होता, तेही आलं. चार पानं झाली. वाचताना डोळे भरून आले. पण ऑफिसला असलं काही पाठवतात का? फाडून टाकलं.

त्यात कॅशियरबाई आल्या आणि म्हणाल्या, वरच्या मजल्यावर काही द्यायचंय का? मी जातेच आहे. गेल्या आठवड्यातही त्यांनी हेच विचारलं होतं. त्यांना अधिकार मिळाला नाही, तर निदान कागद तरी नेता यावेत, असं असणार. वाईट वाटतं. पण मी गोड शब्दांत समज दिली की मिळालेला अधिकार मला दुसऱ्याला देता येत नाही. त्या म्हणाल्या, अहो, अधिकार नको, कागद द्या. मी नाही म्हटलं.

मंगळवार, १३.

उपाय सापडला! सही करण्याआधी माल तपासायचा असतो. खुर्च्या मोजून घेते. चाळीस भरल्या की माझा निर्णय आपोआप होईल, त्यात माझं मन मध्ये येणारच नाही.

शिपाईकाकांना घेऊन हॉल, खोल्या, जिना सगळीकडे मोजल्या. हॉलमध्ये एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांना उठवून खालची वीण पाहिली. ते म्हणाले, पोरी, सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे लक्ष दिलं.

एकोणचाळीस.

परत मोजल्या. एकोणचाळीस. काका म्हणाले, मॅडम, रेकॉर्डरूम राहिली. मी म्हटलं, ती कुलूपबंद असते, तिथे कोण बसणार? काका काहीतरी पुटपुटले.

मामा असं करेल? मला वाटत नाही. पण वाटण्यावर ऑफिस चालत नाही. त्रुटीचं पत्र पाठवलं: एक खुर्ची कमी, खुलासा करावा. सख्ख्या मामालाही सोडलं नाही. अभिमान वाटायला हवा होता. भूक गेली आहे.

शुक्रवार, १६.

मामा आला. एक खुर्ची डोक्यावर घेऊन, दोन जिने चढून. हॉलमध्ये ठेवली, घाम पुसला आणि माझ्या टेबलापाशी येऊन मला मॅडम म्हणाला. मॅडम, मोजण्यात माझीच चूक झाली असेल. ही घ्या. अजून काही त्रुटी?

मी म्हटलं, सध्या नाही.

त्याने माझ्या लोखंडी स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. यावर बसता होय, एवढंच म्हणाला. कॅशियरबाई चहा विचारत होत्या, पण तो थांबला नाही. सगळं किती व्यवस्थित निभावलं! कुणालाही संशय आला नाही. सगळे खाली माना घालून काम करत होते. कॅशियरबाई तर डोळे पुसत होत्या, त्यांना सर्दीचा त्रास आहे.

तो गेल्यावर शिपाईकाका म्हणाले, मॅडम, बोलू का? तुमची ती खुर्ची तुम्ही आत ठेवायला सांगितली होती, ती रेकॉर्डरूममध्येच आहे. तीही मोजणीत धरून बघा.

धरली. चाळीस त्या, आणि ही एक.

रविवार, १८.

दोन दिवस अंगात कणकण. तोंड दाखवायला नको वाटतं, घरात कुणी माझ्याकडे बघत नसलं तरी.

आज आई म्हणाली, तुझा मामा म्हणजे नमुनाच आहे. सभागृहवाल्यांना दाखवायला उरल्यासुरल्या वेतात एकच सुंदर खुर्ची विणून ठेवली होती. तीच कुठल्यातरी ऑफिसात देऊन आला. म्हणतो, तिथे एक कमी पडली. आता परवा दाखवणार काय, कपाळ?

मी आंघोळीला गेले आणि नळ सोडून बसून राहिले.

संकल्प: उद्या दार उघडताच ती खुर्ची मामाला परत. बिलही वर. दोन्ही कामं, चहाच्या आत.

सोमवार, १९.

ऑफिसात आलेली वस्तू बाहेर न्यायची तर गेटपास लागतो. गेटपासवर सही माझी. 'कुणाला दिली' आणि 'कारण' असे दोन रकाने. कारण लिहायचं तर मोजणी चुकली हे आलं. ती का चुकली, तर माझी खुर्ची आत होती. ती आत का, तर मला तिच्यावर बसवेना. बसवेना का? म्हणजे पुन्हा ती चार पानं.

कॅशियरबाई आल्या. म्हणाल्या, वर जातेय, काही आहे का? तोंडापर्यंत आलं होतं. म्हटलं, नाही.

त्या दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, नक्की ना? यांना एवढी कसली घाई? मला संताप आला. मग वाटलं, संताप त्यांच्यावर नव्हता.

मंगळवार, २०. दुपार.

अजून वेळ आहे. सभागृहवाले पाचपर्यंत असतात.

मंगळवार, २०. सहा वाजून गेले.

साहेबांना फोन करून विचारायचं ठरवलं होतं. पण माणूस गुडघ्याच्या दुखण्यात. त्रास देणं माणुसकीला धरून नाही.

खुर्ची हॉलमध्येच आहे. आज तिच्यावर एक बाई बाळाला घेऊन बसली होती. बाळ त्या विणीत बोट घालत होतं.

बुधवार, २१.

सभागृहाचं काम प्लास्टिकच्या खुर्च्यांवाल्याला गेलं. आईने सांगितलं आणि आवाज न चढवता भाजी चिरत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

एक समाधान: या सगळ्यात माझ्या हातून एकही चुकीची सही झाली नाही.

रविवार, २५.

मामाकडे गेले. सगळं सांगायचं ठरवून. दुकानात वेत नाही, त्यामुळे जागा एकदम मोठी दिसते. मामा मोकळ्या हातांनी बसला होता. मला पाहून म्हणाला, या हिशेबनीस. मामी आतून बाहेर आली नाही.

मी सुरुवात केली, मामा, ते बिल. तो म्हणाला, निघेल गं. सभागृहाचं गेलं ते एका परीने बरंच झालं, बोटं दुखायला लागली होती. आणि बोटं माझ्यापासून लपवल्यासारखी मांडीखाली घेतली.

मग म्हणाला, तुला आठवतं, वीण उलटी गेली की तू रडायचीस? मी म्हटलं, आठवतं. तू म्हणायचास, एक वेत चुकला की सगळं उसवावं लागतं. म्हणून तर मी इतकी जपून असते. तो म्हणाला, छे, अर्धंच लक्षात ठेवलंस. मी म्हणायचो, सगळं उसवावं लागतं, म्हणून शंका आली की लगेच मला हाक मार.

सांगायचं राहून गेलं. त्याने पाठीला टेकायला उशी दिली. स्टुलाने कंबर गेली असेल म्हणाला.

सोमवार, २६.

साहेब काठी टेकत आले. माझा अधिकार संपला. मंजूर केलेली बिलं पाहून म्हणाले, चोख. मग तळाचं उचललं, आणि हे इथे कसं?

मी खाली मान घालून एका दमात सांगून टाकलं: ते माझे मामा आहेत.

साहेब म्हणाले, ते ठाऊक आहे हो. ते इथे का आहे, असं विचारतोय.

ठाऊक होतं. सगळ्यांना. मी लागले त्या दिवशीच मामा येऊन सांगून गेला होता. माझी भाची आहे, तिला संकोच वाटतो, तेव्हा तुम्हाला माहीत आहे असं दाखवू नका. आणि माझ्या बिलावर तिची सही नको, ते वर पाठवा. साहेबांनी जायच्या आधी वर तशी कल्पनाही देऊन ठेवली होती. फक्त मी वर पाठवायचं बाकी होतं. कॅशियरबाई म्हणाल्या, रोज विचारत होते, पोरी. तुझ्या तोंडून येऊ दे म्हणून थांबले. चुकलंच माझं. त्यांना सर्दी नव्हती.

बिल वर गेलं आणि साहेबांचा चहा निवायच्या आत सही होऊन आलं.

दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन महिन्यांनी आहे. तेव्हाचा अधिकार कॅशियरबाईंना. ऑर्डर मीच टाइप केली. एकही चूक नाही.

आता ती एकेचाळिसावी खुर्ची. फुकट आलेली वस्तू ऑफिसला ठेवता येत नाही. परत करायची तर एक फॉर्म वर पाठवायचा, तो माझ्याकडे दिला आहे. कुणाची: खुर्च्या विणणाऱ्याची. नातं: मामा. लिहायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

पाठवण्यापूर्वी एकदा नीट वाचून बघावा, म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. फक्त उद्यापर्यंत.