शंभरच्या आत

३ मार्च, मंगळवार

एकशे नऊ किलो दोनशे ग्रॅम!

मुकादमानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. वर म्हणाला, "अरे, तू काच पुसायला जातोस की काच घेऊन खाली यायला?" सगळे हसले. मीही हसलो. 

नवा नियम आलाय. दोरावर उतरणारा माणूस शंभर किलोच्या आत पाहिजे. सोळा एप्रिलला कंपनीचा डॉक्टर येणार आणि पुन्हा वजन करणार. शंभरच्या वर गेला त्याचं दोराचं कार्ड रद्द. कार्ड गेलं की इथलं काम संपलं. गाशा गुंडाळा, घरी चला.

घरी जाऊन करू काय? सातवीत शाळा सोडली. मग गॅरेज, मग बेकरी, मग गोदाम. कुठंच चार महिने टिकलो नाही. याचं बूड स्थिर नाही, असं सगळे म्हणायचे. दोरावर मात्र तीन वर्षं झाली! बाराव्या मजल्याबाहेर लटकलो, हातात रबराची पट्टी, समोर नुसती काच, की डोक्यातली वळवळ थांबते. जमिनीवर मला काही येत नाही. खरंच काही येत नाही.

ताई फोनवर म्हणाली, "रोज लिहून ठेव. काय खाल्लं, किती चाललास, मनात काय आलं." म्हणून ही वही. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात.

५ मार्च, गुरुवार

बाहेर चालून पाहिलं. खोलीसमोरून मोठा रस्ता, ट्रकमागून ट्रक, कडेला चालायला वीतभर जागा नाही. एका ट्रकचा आरसा खांद्याला घासून गेला. परत आलो.

कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या बाईकडे वॉकिंग पॅड होतं. चालायचं मशीन हो, पण धरायला दांडा नाही, नुसता जमिनीवर फिरणारा पट्टा. दोन वर्षं तिनं त्यावर कपड्यांचे गठ्ठे ठेवले होते. म्हणाली, "घेऊन जा बाबा, माझी जागा तरी मोकळी होईल." मामानं जिना चढवायला हात दिला. मामा म्हणजे माझा जोडीदार, शेजारच्या दोरावरचा. पन्नाशीचा, अंगानं काडी. माझा कुणी लागत नाही, पण सगळेच त्याला मामा म्हणतात.

पॅड ठेवून कंबर धरून म्हणाला, "म्हणजे तासभर चालायचं आणि पोचायचं कुठंच नाही? हे तर माझ्या संसारासारखं झालं!"

६ मार्च, शुक्रवार

वीस मिनिटं. वेग तीन. बाराव्या मिनिटाला छातीत धडधड इतकी की कानात ऐकू यायला लागली.

बाबा आठवले. चव्वेचाळीस वय. खुर्चीत बसले होते, पेपर हातात होता, आणि संपले. उचलायला सहा जण लागले. मी तेव्हा लहान, दारात उभा. कुणीतरी म्हणालं, जपून, जिना अरुंद आहे. ते अजून ऐकू येतं.

पॅड बंद करून दहा मिनिटं मनगट धरून बसलो. ठोके मोजता मोजता चुकायचे, पुन्हा पहिल्यापासून.

८ मार्च, रविवार

खालच्या बाईंनी झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, आवाज अजून शाळेचा. जिन्यात गाठलंच. "वर घोडा बांधलायस का रे?" मी सांगितलं, वजनाचं काय ते. चष्म्यावरून नखशिखांत बघितलं. "किती वाजता चालतोस?" म्हटलं, संध्याकाळी सहाला. "मग मी सहाला भाजी आणायला जात जाईन. पण रविवारी नाही! रविवारी घोड्याला सुट्टी."

आता रोज भीती वाटते, जमीन खचली तर त्यांच्या टेबलावर पडेन.

१२ मार्च, गुरुवार

१०७.४

दोन उकडलेली अंडी, काकडी, एक पाव. झोपताना पोट कुत्र्यासारखं गुरगुरतं.

१५ मार्च, रविवार

आज काहीतरी विचित्र झालं. चाळीस मिनिटं चालून खाली उतरलो तर फरशी पुढे सरकायला लागली! भिंत धरली तर भिंतही. पाणी पिईपर्यंत थांबलं.

मशीनमुळे होत असेल. (हो, रविवार होता, पण बाई लेकीकडे गेल्या आहेत.)

१९ मार्च, गुरुवार

थांबलेलं नाही. आज नवव्या मजल्यावर काच पुसताना ती पुढे सरकायला लागली. इमारत उभी आणि मी जागेवर, पण डोळ्यांना काच वाहताना दिसत होती. तीन वर्षांत पहिल्यांदा खाली बघितलं. खाली मुकादम हिरव्या टोपीत, बुटाएवढा.

हात दोरावरून सुटेना. मामा शेजारून ओरडला, "काय रे, झोप लागली का?" म्हटलं, काचेत स्वतःला बघतोय. "बघ बघ, आता उरलायसच किती!" म्हणाला.

कुणाला सांगायचं नाही. चक्कर येते कळलं तर सोळा तारखेची वाटही बघणार नाहीत.

पॅड सोडलं तर वजन जाणार नाही. चाललो तर जमीन सरकते. म्हणजे करायचं काय?

२० मार्च, शुक्रवार

उपाय सापडला. संपताना वेग एकदम बंद करायचा नाही. तीन, दोन, एक, मग थांबायचं. उतरून खिडकीच्या कडीकडे बघत उभं राहायचं. आज कमी सरकली.

२९ मार्च, रविवार

१०३.९!!

पँट कमरेला थांबत नाही, नाडीनं बांधली. ताईला फोनवर दाखवली तर ती रडायलाच लागली. "बाबांसारखा दिसायचास रे तू मागं, आता नाही दिसत." आई मागून म्हणाली, "खातोस ना पण? चेहरा उतरलाय." दोघींना एकाच वेळी खूश कसं करायचं कुणी सांगेल का?

कौतुक झालं, पण झोपताना छातीवर हात जातोच.

५ एप्रिल, रविवार

१०२.१. गेले चार दिवस काटा हलायला मागत नाही. अकरा दिवस उरले. आता सकाळी पाचला अर्धा तास आणि संध्याकाळी एक तास. स्वप्नातही पॅड. स्वप्नात ते थांबत नाही आणि बटण सापडत नाही.

९ एप्रिल, गुरुवार

लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

अकरावा मजला. छज्ज्याच्या खालची काच हाताला येत नव्हती, म्हणून नेहमीसारखा उलटा झालो. डोकं खाली, पाय वर. शेकडो वेळा केलंय. आणि हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा पट्ट्यांचा साज, अंगावरून सरकला. कमरेचा पट्टा कुल्ल्यांवरून घसरून मांड्यांपाशी आला. दोन दोर असतात आपल्याला, एक कामाचा, एक जिवाचा. पण दोन्ही हार्नेसलाच बांधलेले! हार्नेसमधून माणूस निघाला तर दोन असोत नाहीतर दहा.

बादली खाली गेली. किती वेळानं आपटली ते ऐकलं.

मामानं भिंतीला लाथ मारून झोका घेतला. पहिल्यांदा हुकला. दुसऱ्यांदा माझा पाय त्याच्या काखेत. "हलू नको, गाढवा, हलू नको, हलू नको." मला तसंच धरून त्यानं दोघांना खाली आणलं. तो काडीसारखा माणूस! खाली आल्यावर त्यानं माझ्या कानाखाली दिली आणि मग स्वतःच खाली बसला.

बरगड्यांना मार आहे. दुपारभर दवाखान्यात पट्ट्या बांधून पडलो होतो.

१० एप्रिल, शुक्रवार

सगळं समजलं. पहिल्या दिवशी कंपनीचा माणूस हार्नेस आपल्या मापाचा करून देतो आणि पट्ट्यावर पांढऱ्या रंगानं रेघ मारतो. रोज सकाळी बक्कल त्या रेघेवर आणायचं. तीन वर्षं मी डोळे मिटून रेघेवर आणतोय. रेघ एकशे नऊ किलोच्या माणसाची!

पँट ढिली झाली तर नाचलो. नाडी बांधली, ताईला दाखवली. हार्नेस डोक्यात आला नाही. एकदाही!

नियम असा की उतरण्याआधी जोडीदारानं पट्ट्यात हात घालून बघायचं. दोन बोटं गेली तर ठीक, मूठ गेली तर ढिला. मग तक्त्यावर एकमेकांसाठी सही. आमची पद्धत वेगळी. मामा चहा घेता घेता विचारायचा, "रेघ?" मी म्हणायचो, "रेघेवर!" झाली सही. मीही त्याच्यासाठी तशीच करायचो. बोटं कोण घालतंय?

मुकादमानं आज बोलावलं. म्हणाला, "तक्त्यावर मामाची सही आहे, तपासलं म्हणून. मग ढिला कसा? एकतर त्यानं तपासलंच नाही, नाहीतर तू वर जाऊन स्वतः सैल केलास. ज्याची चूक त्याचं कार्ड जाणार. दोघांनी आपापलं लिहून द्यायचं. सतरा तारखेला मोठे साहेब बघतील." तोवर दोघांनाही वर जायचं नाही.

१२ एप्रिल, रविवार

मामा डबा घेऊन आला. सूप. मीठ कमी, तेल नाही, मुद्दाम माझ्यासाठी. पॅडवर बसून मला पिताना बघत होता.

म्हटलं, मामा, काय लिहायचं? पॅडच्या पट्ट्यावर बोट फिरवत बसला. म्हणाला, "तुला जे खरं वाटतं ते लिही. माझं काय, पिकलं पान." मग जाता जाता, "धाकटीचं कॉलेज अजून दोन वर्षं आहे. पण त्याचा तू विचार करू नकोस."

विचार करू नकोस म्हणे! आता दुसरं काय करू?

१३ एप्रिल, सोमवार

बरगड्या दुखतात, तरी चाललो. पंचेचाळीस मिनिटं. चालताना सगळा वेळ वाटत होतं की मागून कुणीतरी कमरेला धरून ओढतंय. दोनदा मागे वळून पाहिलं. दुसऱ्यांदा तोल गेला आणि पॅडवरून मागे पडलो. खालच्या बाई भाजीला गेल्याच नव्हत्या. धावत वर आल्या. "हाडं मोड, पण आधी आई-वडिलांना विचारून!" गरम पाण्याची पिशवी देऊन गेल्या.

खरं लिहिलं तर मामा जातो. खोटं लिहिलं तर मी. आणि खरं तरी कुठलं? मीच "रेघेवर" म्हणालो होतो ना? मूठ घालून बघ, असं मीही कधी म्हणालो नाही. त्यानं दुसऱ्यांदा झोका घेतला नसता तर हा प्रश्नच उरला नसता.

१५ एप्रिल, बुधवार

१००.३. उद्या डॉक्टर. आज पाणीसुद्धा घोट घोट. बूट, घड्याळ, नाडी, सगळं काढून वजन केलं. हसू आलं. आता भीतीचं वजन किती ते कुठं काढायचं?

१६ एप्रिल, गुरुवार

९९.६!

डॉक्टर म्हणाले, "सहा आठवड्यांत साडेनऊ किलो? छाती ठणठणीत आहे तुमची. इतकं घाबरता कशाला?" छाती ठणठणीत! दोनदा विचारलं. दोनदा तेच सांगितलं.

मुकादमानं पाठ थोपटली. मामा रांगेत मागे होता, त्यानं अंगठा दाखवला.

संध्याकाळी पॅड लावलंच नाही. कागद घेऊन बसलो. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं की सकाळी मामानं तपासलं होतं, वर गेल्यावर घट्ट वाटलं म्हणून मीच सैल केला, चूक माझी. सही केली. तीन वर्षांत इतकं नीट अक्षर आलं नव्हतं.

वर जायला मिळणार नाही आता. पुन्हा लिहितो म्हणजे खरं वाटेल. वर जायला मिळणार नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

मोठ्या साहेबांनी माझा कागद वाचला, फाईलमधून मामाचा काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. म्हणाले, "बरं झालं. दोघांचं जुळतंय. म्हणजे प्रश्न मिटला."

मामाच्या कागदावरही तेच होतं, वर जाऊन मीच सैल केला म्हणून, आणि खाली तारीख होती, मी दवाखान्यात पडलो होतो त्या दिवसाची. नऊ एप्रिल, दुपार.

गेटबाहेर तो उभा होता. "काय म्हणाले रे?"

म्हटलं, "जुळतंय म्हणाले."