पाळण्यातला वरवंटा

सोलापूर, गुरुवार संध्याकाळ, १९७६

आक्काच्या पाळण्याला आज रंग दिला. बाळ लाकूड चाटणार, म्हणून पाण्यातला रंग, स्प्रेने. पण फवारा लागला की टांगलेला पाळणा हलायचा. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. आक्काचं पहिलं बाळ गेलं, आता पुन्हा दिवस भरत आलेत.

ज्यांच्या हाताखाली रंगकाम शिकतो ते मिस्त्री हसले. "लई भितोस की रं! वरवंटा ठेव आत, बारशाला ठेवत्यात तसा."

फडक्यात गुंडाळून ठेवला आणि फवारलं. रंग वाळल्यावर वरवंटा उचलला, तर खाली रंग पोचलाच नव्हता. बाळ उचलून नेल्यावर राहावी तेवढी कोरी जागा. तिच्यावर दोनदा फवारलं. कड अजून दिसते. की मलाच दिसते?

मघाशी आक्काने विचारलं, "शिवा, झाला का रं पाळणा?"

"ओला हाय अजून," म्हणालो. खडखडीत वाळलाय.