यंदाच्या ईदला वाकणं नाही

आई,

तुझ्या वारसोनोचा उभ्या उभ्याच सलाम. पाठीचं ऑपरेशन नीट झालं, जिवाला घोर लावून घेऊ नकोस. काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो. रत्मी आल्याचा काढा पाजून पाजून हैराण करते. सुनेला जरा समजाव.

तू म्हणालीस, गावच्या म्हाताऱ्याकडून चोळून घ्यायचं होतंस. घेतलं की गं, कितीदा! पण ट्रक चालवताना डावा पाय बधिर व्हायचा, क्लचवर आहे की नाही तेच कळेना. तेव्हा डॉक्टरांना हो म्हटलं. सही करायच्या आधी दोनदा उठून बाहेर जाऊन आलो, पण ते रत्मीला सांगू नकोस.

गेल्या ईदला रिवाजाप्रमाणे तू खुर्चीत बसलीस, मी वाकून तुझ्या गुडघ्यांवर डोकं ठेवून माफी मागितली आणि बराच वेळ उठलोच नाही, आठवतंय? तू रडायला लागलीस. मावशी म्हणाली, "बघा, पोराला केवढा पश्चात्ताप झालाय!" अगं, कसला पश्चात्ताप! कंबर धरली होती. तू पाठीवरून हात फिरवत राहिलीस, म्हणून तर उठता आलं.

यंदा डॉक्टरांनी वाकायला बंदी केलीय. मावशी म्हणेल, "शहरात राहून पोरगा ताठला." म्हणू दे.

शेळी व्याली का? तुझे गुडघे कसे आहेत?

ईदला तू खुर्चीत बसू नकोस, माझ्यासमोर उभी राहा. डोक्यापर्यंत हात नाही पोचला तर पाठीवर ठेव. तिथल्या वणाला मी अजून रत्मीलाही हात लावू देत नाही.

तुझाच,
वारसोनो