K येत नाही

रवि. १ एप्रिल
सकाळपासून तीनदा लाइन गेली. कॉम्प्युटर परत उठला की G, V, K ही ड्राइव्हची अक्षरं गायब. खरे ड्राइव्ह थोडीच आहेत! जुना कॉम्प्युटर जळाला, पण गिऱ्हाइकांच्या जुन्या लग्नपत्रिका अजून त्याच अक्षरांत चित्रं शोधतात. G मध्ये गणपती, V मध्ये बुद्ध, K मध्ये किनारी. म्हणून मनोजनं पुण्याहून एक्सेलची शीट करून धाडली. एका खान्यात अक्षर, बाजूले फोल्डर, वर बटण. मॅक्रो म्हणते तो त्याले. बटण दाबलं की तिघं हजर.
आज G आला, V आला. K नाही. पत्रिकेची किनार गेली, नुसता रिकामा चौकोन.
मनोजचा फोन. "बाबा, पडद्यावर काय लिहून आलं ते वाचा बरं." वाचलं. त्याले बी उमजलं नाही. पण पाऊण तास बोलला पोरगा! एरवी "बरे आहा ना? ठेवतो."

मंगळ. ३
देऊळघाटचे गिऱ्हाईक. "काऊन हो काका, किनार कुठी गेली?" हातानं एक एक तुकडा जोडून दिली. ऊन बेकार. घरात बोलणारा एक कूलर. मनोजची आई असती तर त्याच्याशी बी भांडली असती.

शुक्र. ६
सापडलं!! मॅक्रोच्या आत शिरलो. इंग्रजी सारी, पण जन्म छापखान्यात कंपोजिंगमध्ये गेला, टिंब हललं तरी दिसते मले. मीच गेल्या आठवड्यात किनारीच्या फोल्डरचं नाव दोन शब्दांचं केलं होतं. मधात मोकळी जागा. मॅक्रो पहिल्याच शब्दावर अडे. नावाले दोन्हीकडून अवतरणचिन्हं बसवली. चारदा चुकलो. मग बटण दाबलं अन् K आला!
टाळी वाजवली. एकट्यानंच. मनोजले सांगावं म्हणून फोन उचलला.
ठेवला.

रवि. ८
"K आला का बाबा?"
"कुठचा येते!"
तोंडातून निघूनच गेलं. तो समजावत राह्यला, मी हो हो करत राह्यलो, अन् K समोर पडद्यावर. मधातच विचारलं त्यानं, आज काय केलं जेवाले. पिठलं म्हटलं. म्हणे, इथं मेसमध्ये असं भेटत नाही. लय बरं वाटलं. मग लाजही वाटली.

शनि. १४
जयंतीची पत्रकं कालच देऊन टाकली. मिरवणूक दारावरून गेली. पोरं म्हणे, "चला ना काका!" कोपऱ्यापर्यंत गेलो, परत आलो. खिचडी.

रवि. १५
फोन नाही. त्याची कामं असतील.

बुध. १८
मनोजचा फोन, घाईत. "बाबा, शीट मेल करा मले. दुरुस्त करतो, अन् कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप चालेल असं करून देतो. तुमची दर रविवारची कटकट संपली समजा."
कटकट! अरे बेट्या...
आता धाडायची तर अवतरणचिन्हं काढून धाडावी लागतील. नाहीतर पाहिल्याबरोबर समजेल त्याले.

शुक्र. २०
काढाले बसलो. हात चालला नाही. लोकांच्या चुका काढण्यात जिंदगी गेली, आता मुद्दाम चूक करून कशी धाडू? अन् तेही पोराले. स्टँडजवळच्या नेट कॅफेतून आहे तशी मेल केली.

रवि. २२
फोन वाजला. त्याचा आवाज वेगळा.
"बाबा, शीट बरोबर आहे."
मी खुर्ची ओढली.
"फाइलवर तारीख दिसते, सहा तारखेलेच दुरुस्त केली तुम्ही. K येऊन राह्यला होता ना?"
"हाव."
"मंग सांगितलं काऊन नाही?"
काय सांगू? कूलर ऐकू गेला असंल त्याले. मग म्हणे, "बरं, ठेवतो." पुढच्या रविवारचं काही बोलला नाही. शीट मात्र संध्याकाळी कॅफेत मेलवर आली, आपोआप चालणारी.

रवि. २९
लाइन दोनदा गेली, दोनदा आली. G, V, K आपोआप हजर. बटणाले हातही लावावा लागला नाही. चांगलं काम केलं पोरानं, कोणाले सांगू?
पिठलं जास्तीच झालं. फोन पुसून टेबलावर घेतला, त्याच्याजवळच बसून लिहून राह्यलो. त्या दिवशी सांगता आलं नाही, आज उत्तर तयार आहे. वाजला तर म्हणीन, K आहे रे, सारं आहे. तू नुसता बोल.