गोलच्या मागची दोन तिकिटं

बेंगळुरू, सोमवार

तीर्थरूप अप्पा,

क्रांतीचा नमस्कार. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतंय. वहिनींची चटणी अजून पुरतेय.

काल इथं फुटबॉलची मॅच बघितली. मोबाईलवर स्वस्तातली तिकिटं मिनिटात संपतात, म्हणून गुरुवारी कामावरून सुटल्यावर सरळ मैदानाच्या खिडकीवर गेले. रांगेत पुढं एक आजोबा होते. मोडक्या हिंदीत म्हणाले, "गोलच्या मागचं तिकीट माग." ते सिनेमाच्या तिकिटापेक्षा स्वस्त मिळालं.

काल आजोबा शेजारीच आले. गोलकीपर पुढं यायला कचरला, तशी मी ओरडले, "निघ की बाहेर!"

ते हसले. "हे कुणी शिकवलं?"

म्हटलं, "वडिलांनी. शिवाजी पेठेच्या टीमचे गोलकीपर होते."

मग ते सांगू लागले. दोन वर्षं त्यांनी मॅच नुसती ऐकली. मोतीबिंदू काढल्यापासून आता खेळाडूंच्या पाठीवरचे नंबर वाचतात.

अप्पा, वहिनींनी मला सांगितलंय. तुम्ही मैदानावर जाता, पण बॉल कुठं हाय ते शेजारच्याला विचारता. आणि मला फोनवर म्हणता, "मला काय धाड भरलीया?"

आजोबांच्याच डॉक्टरांची वेळ घेतलीय. येत्या शनिवारी डोळे दाखवायचे आणि रविवारी मॅच बघायची. तिकिटं दोन काढलीत, तुमच्या जागेवर मी दुसऱ्या कुणाला बसवणार न्हाय.

शुक्रवारच्या गाडीत बसा. उतरलात की आहे तिथंच थांबा. गर्दीत मला शोधू नका, मीच हाक मारीन.

तुमची लेक,
क्रांती