बिल्ल्याचं चित्र

प्रिय ताई,

तुला नमस्कार, तुझ्या दुखऱ्या गुडघ्यालाही.

मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलेलं भरतकाम इथे शिवण-कारखान्यात कामी आलं. अख्ख्या खात्यात शौचालयाला जायचा बिल्ला एकच; तो हाती आल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. बायकांनी तेच चिंध्या जोडून कापडावर भरलं: बिल्ल्यासाठी ताटकळलेली गरोदर बाई.

मालक म्हणाले, "वा बाई, काय रंग! याचे उशांचे अभ्रे मस्त खपतील."

म्हणजे तिच्या अवघडलेल्या चेहऱ्यावर लोक रेलून बसणार! किळस आली गं.

आमच्या खात्यातली गरोदर पोर म्हणाली, "अभ्रे नंतर काढा साहेब, आधी हा बिल्ला काढून टाका." ते नुसते हसले.

आज बायकांनी ते कापड फाटकाबाहेर टांगलं. उद्या कुणाकुणाला कामावर घेतील, ठाऊक नाही. मी ठणठणीत आहे. फक्त ते हसणं आठवलं की टाका आणखी घट्ट ओढते.

तुझीच,
धाकटी