चार बोटं अरुंद

दि. ४ मार्च

ती. ताईस, धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तू तासाभराच्या अंतरावर असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू ‘मी बरी आहे’ म्हणून विषय मिटवतेस. पत्रात निदान पान भरावं लागतं.

दोन महिने ज्या कामात होतो ते आज संपलं. जपानी जेवणाचं हॉटेल आहे. आपण समजतो तसलं नाही. दारावरची पाटी तळहाताएवढी, आत टेबलं नाहीत. एकच लांब फळी. तिच्या अलीकडे आठ माणसं बसणार आणि पलीकडे मालक स्वतः उभा राहून एकेक घास हाताने वळून समोर ठेवणार. कोमट भाताची बोटाएवढी मूद, तिच्यावर माशाचं पातळ काप. त्याला सुशी म्हणतात. त्याच्या जुन्या जागेत बडी मंडळी दोन-दोन महिने आधी जागा धरून ठेवायची म्हणे.

ती फळी माझ्या हातची. चौदा फूट, एकसंध, एक गाठ नाही. असं लाकूड सुताराच्या हाताखाली आयुष्यात एकदा येतं. पहिला रंधा मारण्याआधी मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. पॉलिश करायला त्याने मनाई केली, तेही मी ऐकून घेतलं. वाद झाला तो रुंदीवरून. फळी जागेवर बसली, तो पलीकडे उभा राहिला, हात पुढे केला आणि म्हणाला, चार बोटं कमी करा. मी म्हटलं, इतकी रुंद फळी शोधून मिळत नाही आणि तुम्ही ती कापायला सांगता. तो म्हणाला, माझा हात समोरच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे. मी म्हटलं, ताटली सरकवा की. तो हसला, पण बधला नाही. कापली चार बोटं. करवत मीच चालवली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. ती पट्टी घरी आणून भिंतीशी उभी केली आहे.

आता मुद्द्याचं. या माणसाचा एक नेम आहे. ज्याने फळी केली त्यानेच तिच्यावर पहिल्यांदा जेवायचं आणि सोबत एकच माणूस आणायचं. हॉटेल उघडण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी. तुझी भावजय मला विचारूही न देता म्हणाली, ताईंना न्या. एकवीस तारीख आहे. नाही म्हणू नकोस.

तुझा लोभ लहानपणापासून खात आलो आहे, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

&nbsp;

दि. ९ मार्च

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कच्चा मासा खायला आपण मांजरं आहोत का? नदीवरचा मासा तू लहानपणी चुलीत भाजलेला असूनही तीनदा हुंगून खायचास, ते विसरलास वाटतं.

फळीचं कौतुक वाटलं. सहावीत असताना तू एक स्टूल केलं होतंस. नवे जावई म्हणून तुझे भाऊजी त्याच्यावर बसले आणि आडवे झाले. तिथून इथवर आलास. फळीवर कोणी बसत नाही ना, तेवढी खात्री करून घे.

माझं येणं जमायचं नाही. गुडघे कुरकुर करतात. बड्या लोकांच्या जागी जायला माझ्याकडे धड साडी नाही. चिमणी दवाखान्यातून ड्यूटी संपवून कधीही येते, तिला गरम लागतं. तू बायकोला ने. ती मासा खात नसेल तर तुझ्याकडे बघत बसेल, बिचारीला एरवी तेवढा वेळ कुठे मिळतो.

माझी काळजी करू नकोस. घरात जेवण वेळेवर होतं. मी बरी आहे. बघ, पान भरून पुन्हा तेच लिहिलं.

लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.

तुझी,
ताई

&nbsp;

दि. १० मार्च

ती. मामांस, चिमणीचा सा. न.

आईचं पत्र पेटीत टाकण्याआधी मी वाचलं. वाईट सवय आहे, पण ती तुम्हीच लावलीत. सुट्टीत तुमच्याकडे आले की तिची पत्रं माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचात.

‘घरात जेवण वेळेवर होतं’ हे खरं आहे. माझं होतं. तिचं होत नाही.

बाबा गेले त्याला आठ महिने झाले. आईचं वजन नऊ किलोने उतरलं आहे. मी नर्स आहे, आमच्या वॉर्डातल्या काट्यावर दर पंधरवड्याला उभी करते तिला. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन किलो गेले तर भरती करून सलाइन लावावं लागेल. मी घरी येते तेव्हा ती मला वाढते आणि ओट्याला टेकून उभी राहते. विचारलं की म्हणते, माझं झालं. मध्ये मी तांदळाच्या डब्यावर नजर ठेवली. रोज एकच वाटी निघते, आणि तेवढा भात मी एकटी खाते. एकदा चिडले, तर ती हसून म्हणाली, तू काय माझी सासू आहेस?

मामा, तिला न्याच. तिथे जाऊन काय होईल ते मला माहीत नाही. पण या घरात माझे सगळे उपाय संपलेत.

मी सांगितलं असं म्हणू नका. मायेने वागवता तसंच वागवा.

तुमची,
चिमणी

&nbsp;

दि. १३ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तू येत नाहीस असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, मग ती जागा रिकामी ठेवू, दुसऱ्या कोणाला बसवायचं नाही. मला रिकाम्या जागेशेजारी बसून घास गिळायला लावू नकोस.

मासा नको असेल तर अंडं, काकडी, वांगं यांचं करून देईन म्हणाला. स्वच्छ धुतलेली साडी ही धडच साडी. तुझ्या स्टुलाच्या टोमण्याला उत्तर द्यायला मला एवढी वर्षं लागली, ते उत्तर हात लावून बघायला तरी ये. एकवीसला सकाळी दहाला गाडी घेऊन दारात उभा राहीन.

रागावलीस तरी चालेल, गाडीत बसून रागाव.

तुझा,
धाकटा

&nbsp;

दि. २२ मार्च

चि. चिमणीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईला दारात सोडलं तेव्हा तू ड्यूटीवर होतीस. ती तुला नीट सांगणार नाही, म्हणून मीच लिहितो.

आत गेल्यावर ती आधी बसली नाही. फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवला, मला ताप आला की कपाळावर फिरवायची तसा. जोड कुठे आहे, असं हळूच विचारलं. जोड नाही म्हटल्यावर पुन्हा एकदा तळहात फिरवून बघितला. माझी मजुरी तिथेच मिळाली.

त्याने हात पुसायला गरम ओली फडकी दिली. हाताने खाल्लं तरी चालतं म्हणाला, तेव्हा समोरच्या जेवायच्या काड्यांकडे बघून धास्तावलेल्या तुझ्या आईच्या जिवात जीव आला. मग त्याने पहिला घास वळला. अंड्याचा. एक माझ्या ताटलीत, एक तिच्या. मी माझा खाल्ला आणि बघतो तर ताटलीत अजून एक. तोही खाल्ला. दुसऱ्या खेपेला काकडीचा, तेव्हाही तसंच. तिसऱ्या खेपेला मात्र माझा हात थबकला. तिची बोटं माझ्या ताटलीवरून मागे जाताना दिसली. चिमणे, मी पन्नाशीला आलो. आई शेतावर जायची आणि चूल ताईकडे असायची, तेव्हापासून माझ्या ताटात असाच एक घास जास्त निघतो. तो कुठून येतो हे मी कधी मान वर करून बघितलंच नव्हतं. देवाने भूक दिली, ताईने घास दिला, एवढंच धरून चाललो.

त्या माणसाने सगळं पाहिलं होतं. चौथा घास त्याने ताटलीत ठेवलाच नाही. फळीवरून वाकून हात तिच्यासमोर धरला आणि तसाच थांबला. हात पोचला. चार बोटं अधिक असती तर पोचला नसता. तुझ्या आईला तळवा पुढे करावाच लागला. घास हातात आल्यावर तिने सवयीने माझ्या ताटलीकडे बघितलं. मी ताटली उचलून मांडीवर घेतली.

तिने खाल्ला. मग तो प्रत्येक घास तसाच देत गेला. मी लाकडाच्या रेषा बघत होतो आणि माळेचे मणी ओढावेत तसे तिचे घास मोजत होतो. अकरा झाले. नवव्याला ती माझ्या कानात म्हणाली की भात बरोबर शिजला आहे. ती काय म्हणाली, असं तो विचारायला लागला. मी सांगितलं, तर त्याने सुरी खाली ठेवून तिला वाकून नमस्कार केला.

लाकूड कापल्याचं दुःख मी काल मागे घेतलं. तिचं वजन बघून कळव.

मामाची आठवण असू दे.

तुझा,
मामा

&nbsp;

दि. ४ एप्रिल

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

चिमणीला लिहिलेलं तुझं पत्र तिने मला वाचून दाखवलं. या घरात कोणाचं पत्र त्याच्यापुरतं राहत नाही. तांदळाच्या डब्याचंही कळलं. दोघांनी मिळून माझ्यावर बरीच पाळत ठेवलीत.

पण तुझं एक चुकलं. चार बोटांमुळे हात पोचला हे खरं. मी खाल्लं ते त्यामुळे नाही. तो थांबला म्हणून खाल्लं.

तुला ठाऊक नाही, चिमणीलाही नव्हतं. तुझे भाऊजी पहिला घास कालवायचे आणि हातात धरून बसायचे. मी समोर येऊन बसेपर्यंत तोंडात घालायचे नाहीत. मी ओट्यापाशी मुद्दाम उशीर करायचे, गार होतंय म्हणून ओरडायचे. ते म्हणायचे, होऊ दे. सदतीस वर्षं. ते गेल्यावर मी पहिल्या दिवशी भात वाढून घेतला आणि समोर कोणी थांबलेलं नव्हतं. तेव्हापासून घास उचलेचना. उपास वगैरे काही नव्हता रे तो. बसायचं कोणासाठी, तेच कळेना.

आणि त्या दिवशी एक परका माणूस तसाच हात धरून उभा. भात गार होतोय आणि त्याला घाई नाही. मला आधी त्याची दया आली, मग भूक लागली. शेवटचा घास माशाचा होता, हे तू चिमणीला लिहिलं नाहीस. लिहून टाक. झाले मांजर.

वजन अर्धा किलो वाढलं. चिमणीने काट्यावर दोनदा उभी केली, तिचा विश्वास बसेना.

आता उभ्याने खायची सवय मोडायची आहे. ती पट्टी अजून भिंतीशी असेल तर मला एक स्टूल करून दे. या खेपेला मोडणार नाही असं.

जीव लावतोस, तो लावत राहा.

तुझी,
ताई

&nbsp;

दि. १२ एप्रिल

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पट्टी चार बोटं रुंद होती, पण चौदा फूट लांब. तुकडे शेजारी जोडून बैठका केल्या, उरलेली उभी चिरून पाय केले. एकही खिळा नाही. तू एक मागितलंस, दोन झाली. मी दोन्हींवर उभा राहून बघितलं, तुझी भावजयही उभी राहिली. ती उभी राहिली हे मी लिहिलं, असं तिला सांगू नकोस.

दुसऱ्यावर चिमणी बसेल. तिची ड्यूटी सोमवारी आणि गुरुवारी दुपारची असते, असं तिच्याकडून कळलं. त्या दोन दुपारी मी येईन. भात तू कर. पहिला घास कालवून थांबायचं काम माझ्याकडे.

ओट्यापाशी हवा तेवढा उशीर कर. गार झाला तरी चालेल.

तुझा,
धाकटा